उडी मारा, पण आधी पाणी मोजा

परीक्षा संपल्या, गहू-हरभरा घरात आला, उन्हाळी कांद्याची काढणी उरकत आली, की खेड्यातल्या पोरांना एकच वेड लागते, ते म्हणजे विहिरीचे. दुपारी बारा-एकच्या सुमाराला कोणत्याही शिवारात जा. कठड्यावर उघड्या अंगाची पोरे ओळीने उभी असतात. कुणी मुटका मारतो, कुणी सूर मारतो, कुणी नाक धरून देवाचे नाव घेत स्वतःला खाली सोडून देतो. धप्प आवाज होतो, पाणी भिंतीला लागते आणि वरची पोरे आरोळी ठोकतात. शेतकरी बंधूंनो, हे बघून ज्याला आपले बालपण आठवत नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही.

मी सुद्धा त्यातलाच. आमच्या थोरल्या चुलत्यांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत सोडले तेव्हा मी तिसरीत होतो. आठ-दहा दिवस डबा, मग अर्धा भरलेला डबा, आणि एके दिवशी डबा न बांधताच आण्णांनी मागून ढकलून दिले. पोटात गोळा आला, कानात वारा भरला, मग एकदम गार आणि गप्प. वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी होते, पण त्या दिवसापासून मला पाण्याची भीती म्हणून वाटली नाही. पुढे कृषी पदविकेला असताना ओढ्याला आलेल्या पाण्यातून शेजारच्याची शेळी काढून आणली ती त्याच जोरावर. तेव्हा हा लेख पोहण्याच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. शेतकऱ्याच्या पोराला, आणि हो, पोरीलाही, पोहता आलेच पाहिजे. फूटव्हॉल्व्ह काढायला, मोटारीचा दोर सोडवायला, पाय घसरून पडलेल्या वासराला बाहेर काढायला कधी ना कधी पाण्यात उतरावेच लागते.

सांगायचा मुद्दा वेगळा आहे. आपण ज्या विहिरीत उड्या मारल्या ती विहीर आणि आज आपली पोरे ज्या पाण्यात उड्या मारतात ते पाणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडी तीच राहिली, तिच्याखालचे पाणी बदलले. आणि पूर्वी काठावर बसणारे जाणते माणूसही आता तिथे नसते.

जुन्या काळी विहिरीवर मोट असायची. मोट गेली तरी थारोळ्यापाशी कुणीतरी तंबाखू मळत बसलेला असायचाच. त्याचे कायदे कडक. जो तळाची माती मुठीत आणून दाखवील त्यालाच वरच्या दगडावरून उडी. लहानांनी पायऱ्यांवरून. एक वर आल्याशिवाय दुसऱ्याने उडी घ्यायची नाही. उन्हातून पळत आलेल्याने आधी घाम जिरवायचा, अंग ओले करायचे, मग पाण्यात. भर दुपारी एकट्याने विहिरीवर गेले तर साती आसरा ओढून नेतात, असे आमची आजी सांगायची. शिकलेल्या माणसांनी त्याला हसावे, पण एकट्याने पाण्यात जाऊ नये एवढी गोष्ट त्या आसरांनी पिढ्यान् पिढ्या पोरांच्या मनावर बिंबवली होती. आमच्या खात्याच्या घडीपत्रिकांना तेवढे यश अजून आलेले नाही!

शिवाय जुन्या विहिरींना पायऱ्या होत्या. सातारा जिल्ह्यात लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले ते बांधकाम, पण माणूस पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरतो. आता आपण विहीर घेतो ती क्रेन लावून आणि सुरुंग उडवून. घेर लहान, खोली जास्त, वर सिमेंटचा कठडा आणि आत सरळ तोडलेला कातळ. उतरायला फार तर चार लोखंडी आकडे, तेही गंजलेले. मध्येच एखादी कपार पुढे आलेली, आडव्या बोअरची केसिंग बाहेर डोकावणारी, दोन-तीन मोटारींचे पाईप, केबल आणि दोर लोंबकळणारे. वरून बघणाऱ्याला पाण्याचा गोल दिसतो, पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही.

आता पाण्याचा हिशेब करू. समजा तुमची विहीर ४५ फूट खोल आहे. कार्तिकात पाणी कठड्यापासून ८ फुटांवर आहे, म्हणजे खाली ३७ फूट पाणी. पोरगे कठड्यावरून उडी मारते तेव्हा पाण्याला लागताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास असतो. उतारावर सायकल जोरात सोडावी तेवढा. तीच विहीर वैशाखात बघा. पाणी गेले ३८ फुटांवर आणि तळाशी उरले ७ फूट. आता त्याच कठड्यावरून तेच पोरगे उडी मारील तर पाण्याला ताशी ५४ किलोमीटरने लागेल. म्हणजे भरधाव मोटारसायकल. आणि ती थांबवायला खाली पाणी किती, तर जेमतेम एक परस, त्यात हातभर गाळ आणि गाळात गेल्या साली पडलेले दगड. म्हणजे पाणी कमी होत जाते तसतशी उडी उंच होत जाते. आणि पोरांना सुट्टी केव्हा? नेमकी वैशाखात. उडीची मजा जेव्हा सगळ्यात जास्त, तेव्हाच विहीर सगळ्यात वाईट असते, हे पोराला कोण सांगणार?

गेल्या काही वर्षांत एक प्रकरण माझ्या हातून गेले ते इथे सांगतो. गावाचे नाव नको. घरची बागायत, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पोहण्यात पटाईत. लहानपणापासून स्वतःच्याच विहिरीत, एकाच दगडावरून सूर मारायचा. त्या वर्षी आसपास तीन नवे बोअर झाले होते आणि विहिरीचे पाणी चार-सहा दिवसांत एकदम उतरले होते. मुलगा बाहेरगावी नोकरीला होता, सुट्टीला आला, मित्रांबरोबर विहिरीवर गेला. डोक्यावर सूर मारला. डोके तळाला लागले. मान मोडली. मित्रांनी हात धरून ओढत वर काढले आणि मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेले. जीव वाचला. मानेखाली हालचाल नाही. मी कागदपत्रांसाठी घरी गेलो तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "साहेब, विहीर आमचीच हो. पोरगं रोज तिथनंच उडी मारायचं."

त्यांचे खरेच होते. विहीर तीच, दगड तोच, मुलगाही तोच. पाणी तेवढे तेच नव्हते, आणि उडी मारण्याआधी दोरीला दगड बांधून ते कुणी मोजले नव्हते. विहिरीचे पाणी किती परस आहे हे मोटार चालू करण्यापूर्वी आपण दहा वेळा बघतो. पोरगे आत उडी घेताना एकदाही बघत नाही.

मग किती पाणी हवे? पोहण्याच्या तलावावर उडीच्या स्पर्धा होतात, त्यांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. साधारण १० फूट उंचीच्या, म्हणजे ३ मीटरच्या फळीखाली पाणी किमान ३.७ मीटर, म्हणजे १२ फूट लागते. १० मीटरच्या मंचाखाली किमान साडेचार मीटर, आणि पाच मीटर असेल तर उत्तम. हे सगळे स्वच्छ फरशीच्या, नितळ पाण्याच्या तलावात, शिकवून तयार केलेल्या खेळाडूंसाठी. आपल्या विहिरीत गाळ, दगड, पाईप. तेव्हा त्याहून जास्तच धरावे. सोपे करून सांगायचे तर १० फुटांवरून उडी मारायची असेल तर खाली दोन परसांहून कमी पाणी चालणार नाही. आणि सूर नको. अनोळखी किंवा न मोजलेल्या पाण्यात डोके खाली करून जाणे म्हणजे मान पणाला लावणे. पाय खाली, पाय जुळलेले, हात अंगाशी, अशीच उडी. पाय मोडला तर महिन्यांनी जुळतो. मानेतला मज्जारज्जू तुटला तर तो जुळवता येत नाही.

आता पोरांच्या हातात मोबाईल आले. त्यात परदेशातली माणसे उंच कड्यावरून समुद्रात गिरक्या घेत उतरताना दिसतात. बघताना आपल्याही अंगावर काटा येतो, खोटे कशाला बोला. पण त्या खेळाचीही माहिती घ्यावी. २०१३ साली बार्सिलोना येथे जागतिक स्पर्धेत हा प्रकार प्रथम आला. पुरुष २७ मीटर उंचीवरून आणि स्त्रिया २० मीटरवरून उड्या मारतात. हवेत कितीही कोलांट्या घेतल्या तरी पाण्यात शिरताना ते पायच खाली ठेवतात, कारण त्या वेगाने डोके लागले तर पाणीसुद्धा दगडासारखे लागते. आणि खाली पाण्यात मदतनीस पाणबुडे आधीपासून तयार असतात. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटात उडी दिसते, पाणबुडे दिसत नाहीत. आपली पोरे उडीच तेवढी शिकतात.

वाहत्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. २०२४ च्या जूनअखेरीस ताम्हिणी घाटातल्या प्लस व्हॅलीत एका धडधाकट माणसाने धबधब्याखालच्या कुंडात उडी घेतली. उडी व्यवस्थित झाली, तो पाण्यावर आलाही. पण पावसाने वाढलेल्या ओढीने त्याला काठाला हात धरू दिला नाही आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो वाहून गेला. ती चित्रफीत राज्यभर फिरली. पावसाळ्यात कुंडाचे पाणी पांढरे फेसाळलेले दिसते तेव्हा त्यात हवा मिसळलेली असते. तसले पाणी माणसाला नीट पेलत नाही, पोहणाऱ्याचे हात रिकामेच फिरतात. नदीच्या डोहांचेही तसेच. जिथे वाळू उपसली तिथे काल गुडघाभर असलेले पाणी आज दोन परस असते, आणि जिथे खोल डोह होता तिथे पुराने गाळ आणून टाकलेला असतो. बंद पडलेल्या दगडखाणीत तर काठच नसतो. आत जाणारा कातळाला नखे लावत फिरतो.

मात्र मला सर्वात जास्त घोर लागतो तो शेततळ्यांचा, कारण त्यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्याआधी फलोत्पादनातून सामूहिक शेततळी आली होती, आणि आज फळबागांच्या पट्ट्यात टेकडीवरून पाहिले तर निळे-काळे चौकोन जागोजाग दिसतात. या तळ्यांनी डाळिंब, द्राक्ष, टोमॅटो वाचवले हे मी स्वतः पाहिले आहे. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे म्हणजे २१९६ घनमीटर, जवळपास बावीस लाख लिटर पाणी. पण पोराच्या नजरेने पाहा. हा गावातला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोठा, फुकटचा पोहण्याचा तलाव! आणि उंच भरावावरून पळत येऊन उडी मारायला तर झकास.

आत उडी मारणे सोपे आहे. बाहेर येणे नाही. बाजूंना पंचेचाळीस अंशांच्या आसपास उतार, त्यावर ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक, प्लास्टिकवर पाण्याखाली शेवाळाचा थर. पाय ठेवला की सटकला. हाताला धरायला काही नाही. पट्टीचा पोहणारा सुद्धा चारी बाजूंना फिरून फिरून दमतो आणि काठापासून हातभर अंतरावर बुडतो. त्याला धरायला भाऊ वाकतो, तोही घसरतो. त्यांना काढायला आई उतरते. एकाच घरातली दोन-तीन माणसे एकाच तळ्यात गेल्याच्या बातम्या तुम्ही याच पानावर वाचल्या आहेत. मुली कपडे धुवायला किंवा बादलीभर पाणी घ्यायला जातात तेव्हाही हेच होते, त्यांनी तर उडीही मारलेली नसते.

याला उपाय मोठा नाही. एका फवारणीला जेवढा पैसा जातो तेवढ्यात तो होतो. तळ्याच्या चारी बाजूंना भरावावर मजबूत खुंट्या ठोकून त्यांना जाड नायलॉनचा दोर बांधावा, दर दोन फुटांवर गाठ मारावी आणि दोर तळाच्या बाजूला पाण्यात सोडून ठेवावा. प्लास्टिक फाटेल ही भीती असते, ती रास्त आहे. तर मग मोटारसायकलचे जुने टायर एकमेकांना बांधून त्यांची माळ शिडीसारखी उतारावर सोडा. टायर प्लास्टिकला काही करत नाही, पायाला मात्र आधार मिळतो. झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे वीस लिटरचे कॅन दोरीला बांधून काठावर ठेवा, फेकले की बुडणाऱ्याला तरंगायला मिळतात. फक्त ते औषधाचे नकोत. कुंपण तर हवेच, आणि त्याच्या दाराला कुलूप हवे. पुष्कळ ठिकाणी कुंपण फोटोपुरते उभे राहते आणि पुढच्या हंगामात त्याच जाळीवर काकडीचे वेल चढलेले दिसतात. मी नावे घेत नाही.

विहिरीसाठीही तसेच. शिडी दुरुस्त करा, आत एक गाठींचा दोर कायमचा सोडा. पोरे पोहायला येणार असतील तर मोटारीचा मेन स्विच पाडून ठेवा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. आपल्या सगळ्यांच्या पेटीला ऑटो स्विच आहेत, लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि केबल कुठे सोललेली असेल तर सगळ्या पाण्यात प्रवाह उतरतो. कठड्याच्या आतल्या बाजूला चुन्याने फुटांच्या खुणा करून ठेवल्या तर पाणी किती उतरले हे पोरालाही वाचता येईल. ती खूण पिकाच्या नियोजनालाही उपयोगी पडते, हा आणखी एक फायदा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी गावातल्या वापरातल्या व पडक्या विहिरी, शेततळी आणि खाणी यांची एक यादी करा आणि त्यातली एक विहीर पोरांसाठी ठरवून द्या. पाणी भरपूर, तळ माहितीचा, उतरायला पायऱ्या, अशी एखादी विहीर प्रत्येक गावात असते. तिथे दुपारी दोन तास एका जाणत्या माणसाला बसवा. पूर्वी थारोळ्यावर जो बसायचा तोच हा माणूस. पाण्यावर जाऊच नका म्हणणारा फलक लावून पोरे थांबत नाहीत, फक्त लांबच्या पाण्यावर जातात.

आणि वेळ आलीच तर? पोहता येत असले तरी लगेच आत उडी घेऊ नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो. तुषार सिंचनाचा वीस फुटी पाईप बांधावर पडलेला असतो, हलका असतो, तो पुढे करा. स्वतः काठावर पालथे पडा, मागून दुसऱ्याने पाय धरावेत. बाहेर काढल्यावर माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरवणे हे सगळे बंद करा. मिठाच्या ढिगात पुरून ठेवले की बुडालेला जिवंत होतो ही तर निव्वळ अफवा आहे, तिच्यापायी मोलाची मिनिटे गेली आहेत. श्वास चालत नसेल तर उताणे झोपवून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे १०८ ची गाडी येईपर्यंत करीत राहा. सूर मारून जखमी झालेला असेल तर मात्र हात धरून ओढू नका. डोके, मान, पाठ एका रेषेत राहील असे पाण्यातच धरून ठेवा आणि फळीवर किंवा दारावर आडवे घेऊन बाहेर काढा. त्या मुलाच्या मित्रांना हे माहीत असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अपघात झाल्यावर आमच्याकडे कागद येतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये. सातबारा, वारसाची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे सगळे जोडून प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा असतो, तेवढे लक्षात असू द्या. वयाची अट दहा ते पंच्याहत्तर आहे. दहा वर्षांच्या आतल्या लेकरासाठी हा कागदही नाही.

असे प्रस्ताव मी तयार केले आहेत, आणि प्रत्येक वेळी वारसाची सही घेताना मान वर करवत नाही. म्हणून या उन्हाळ्यापासून मी एक ठरवले आहे. तुमच्या शेततळ्याची पाहणी करायला आलो की टेप काढण्याआधी दोर कुठे बांधलाय ते विचारीन. नसला तर चहा घेणार नाही. राग मानू नका.